पहिला गोल आयेचा

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबूला काल आरोंद्याहून कुडाळला घेऊन आले. कपड्यांच्या दोन पिशव्या, त्याची उशी, आणि चित्रांच्या वह्यांनी भरलेली गोणी. आईला जाऊन आज पंचवीस दिवस.
माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, सेहेचाळीस पूर्ण. पण मी सहा वर्षांची होते तेव्हाच त्याच्या पुढे गेले, आणि तो तिथेच राहिला. दादा असं कधी म्हटलंच नाही.
घरात शिरल्यावर सगळ्या खोल्या बघून आला.
"बाय, आये खंय?"
"आये देवाघराक गेली रे."
"बरां. कधी येतली?"
प्रकाश उठून बाल्कनीत गेला; सासूचा विषय निघाला की तो तिथे थांबत नाही.

५ फेब्रु.
साडेपाचला वही-पेन्सिल घेऊन बसला. आरोंद्याच्या घरी रोज हीच वेळ. समोर जत्रेत घेतलेलं ते जुनं पुस्तक, पाच पायऱ्यांत कार्टून काढायला शिकवणारं. उंदीर, बदक, टोपीवालं अस्वल, टीव्हीवरची सगळी मंडळी. पहिली पायरी गोल. तो आई काढायची. कान, डोळे, मिशा, शेपूट बाबूचं. वीस वर्षं हे असंच.
मी गोल काढून दिला. त्याने वही परत सरकवली. "ह्यो आयेचो नाय."
दुसरा. तिसरा. शेवटी वाटी उपडी घालून अगदी सुबक काढला. त्या गोलाकडे तर बाबूने बघितलंसुद्धा नाही.

१० फेब्रु.
रजा संपली. सव्वादहा ते पाच शाळेचं ऑफिस. प्रकाश एक वाजता दुकानातून जेवायला येतो तेव्हा बाबूला वाढतो. मधल्या वेळात दाराला बाहेरून कडी.
हे लिहायचं नव्हतं.

१२ फेब्रु.
जेवला नाही. वही उघडतो, कोरं पान बघतो, मिटतो.

१५ फेब्रु., शनि.
आईचा गोल नक्की होता तरी कसा, ते बघायला गोणी सोडली. प्रत्येक पानावर कोपऱ्यात आईच्या अक्षरात तारीख. बाबूचे उंदीर सगळे एकसारखे, उजवा कान मोठा. आईचे गोल मात्र—
जूनपर्यंत नीट आहेत. चतुर्थीच्या सुमारास एका बाजूने दबलेले. दिवाळीत अंड्यासारखे, आणि रेघ थरथरलेली. डिसेंबरात तर गोल मिटतच नाहीत, दोन टोकं एकमेकांना चुकवून पुढे जातात. तारखेचे आकडेसुद्धा तसेच. बाबूने त्या उघड्या तोंडांनाच कान लावलेत.
मी रोज फोन करायची. "बरी आसंय गो" आई म्हणायची. फोनवर हात कुठे दिसतो.
दिवाळीला गेले होते तेव्हा चहा मला करायला लावला. कपात ओतून हातात न देता खाली ठेवायला सांगितला. मला वाटलं, म्हातारीला आता लेकीच्या हातचं हवंसं वाटतं. बरं वाटलं होतं मला! कुडाळला येऊन प्रकाशला कौतुकाने सांगितलंही होतं.

१६ फेब्रु.
आरोंद्याला एकटीच गेले. काजू गळून पडलेत, बोंडांचा वास घरामागच्या सगळ्या परड्यात. शेजारच्या सुलूकाकींना विचारलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.
"पाच-सा म्हयने हात थरथरत होतो तिचो. माका शपथ घातल्यान, बायक सांगा नको म्हणून. तिका नोकरी आसा, धावत येतली म्हणाली."
"डॉक्टरकडे गेली होती?"
"बाबूक एकट्याक सोडून खंय जातली ती?"
आई न्हाणीत पडून गेली, तेव्हा पाय घसरला असं आम्ही धरून चाललो होतो. हाताने धरायला गेली असेल. धरता आलं नसेल.
न्हाणीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ. नळ ठिबकत होता. बंद केला. परत आले.

१९ फेब्रु.
आज डाव्या हाताने काढून बघितला. वेडावाकडा, कापरा, तोंड उघडं. बाबूने पान जवळ ओढलं. बोट फिरवलं त्यावरून. मग हसला, आणि कान काढायला घेतले.
उंदीर पुरा झाला. नंतर बदक. दोन भाकऱ्या खाल्ल्या. प्रकाश म्हणाला, "अगो, जमलं की तुला."
मलाही वाटलं जमलं.

२२ फेब्रु.
चार दिवस नीट जेवतोय. दिवसभर रंगवत बसतो, कुठे जात नाही. काल, आज कडी घातली नाही. ऑफिसमध्ये बसून एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.
एकच गोष्ट. चित्र झालं की उठून खोल्या बघून येतो. न्हाणीचं दारही ढकलून बघतो. विचारलं तर सांगत नाही.

२५ फेब्रु.
बाबू झोपल्यावर लिहिते.
बारा वाजता फोन. सावंतवाडी स्टँडवरून, कुणी कंडक्टर. एक माणूस आहे, तिकीट नाही, आरोंदा एवढंच म्हणतो, वहीवर तुमचा नंबर आहे. वहीवर नंबर आईनेच लिहिलेला. मुख्याध्यापिका बाईंना सांगून तशीच निघाले.
बाकावर बसला होता, वही छातीशी धरून. कंडक्टरने चहा पाजला होता त्याला. माझ्यावर चिडला.
"माका घराक जांवचां आसा. तू कित्याक आडवतंस?"
"घराक कोण आसा बाबू?"
"आये. आये हंय येता, गोल काढता आणि घराक जाता. माका भेटणा नाय."
भर स्टँडवर त्याच्याशेजारी बसून रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, आई त्याला थोपटायची तसं.

२६ फेब्रु.
कडी परत. गोल काढून दिला नाही. त्याने मागितलाही नाही, नुसता माझ्या डाव्या हाताकडे बघत बसला.
रात्रीच्या जेवणानंतर प्रकाश बोललाच. आंबोलीच्या वर, घाटापलीकडे बाबूसारख्यांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, त्याच्या ओळखीतल्या कुणाची बहीण तिथे आहे. माझा नवरा म्हणून सांगत नाही, पण त्याने आईचं सगळं मुलासारखं केलं, आणि बाबूची नखंही तोच कापतो.
"तुझ्याने होणार नाही. माझ्यानेही नाही होणार. बस उलट दिशेची असती तर?"
भांडी तशीच टाकून झोपायला गेले.

२ मार्च, रवि.
बाबूला घेऊन संस्था बघून आलो. घाटात त्याला उलटी झाली. जागा स्वच्छ. बाहेर मोठी बाग, आत बावीस जण. वॉर्डन बाई बऱ्या वाटल्या, आवाज न चढवणाऱ्या. चित्रांसाठी वेगळा तास आहे. बाबूला बाग आवडली, एका माणसाचा हात धरून दोन फेऱ्या मारल्या.
निघताना बाई म्हणाल्या, "ते बोलतात ते आम्हाला नीट कळलं नाही हो. तुमच्याकडचे कुणीच नाहीत इथे. नेहमीचे शब्द लिहून द्याल का? आणि काय ते मंगळवारपर्यंत सांगा, जागा एकच आहे."

३ मार्च
संध्याकाळी शब्द लिहायला बसले. फुलस्केपवर, दोन रकाने.
व्हया म्हणजे हवं. कित्याक म्हणजे का. पेज म्हणजे मऊ भात, पाण्यासकट. 'पोट बोलता' म्हणाला तर भूक लागलीय. दुखत असेल तर सांगत नाही, उजवा कान चोळतो. 'दर्या इलो' म्हणजे बाथरूमला जायचंय, का ते माहीत नाही, लहानपणापासून तसंच म्हणतो.
लिहिता लिहिता दीड पान भरलं. मग ते आलं, दिवसातून दहादा विचारतो ते. 'आये खंय?' म्हणजे आई कुठे आहे. अर्थ सोपा आहे. पण पुढच्या रकान्यात, तुम्ही काय उत्तर द्यायचं, तेही लिहायला हवं ना. गेल्या दोन महिन्यांत मी दिलेलं एकही धड नाही.
बाबू मागे येऊन उभा. "काय लिवतंस?"
"तुझे शब्द."
"माका वाचून दाखय."
वाचून दाखवले. 'दर्या इलो'ला पोट धरून हसला. पुन्हा वाच म्हणाला, पुन्हा वाचले.
प्रकाशने विचारलं, उद्या फोन तू करतेस की मी करू. म्हटलं, सकाळी बघू.
बाबूला दोन्ही वेळा सगळं वाचून दाखवलं. ती एक ओळ सोडून.