खाड्याचे दिवस

शनिवार, २ मार्च
पोचले एकदाची! सांताक्रूझच्या डोंगरातलं माझ्या मित्राचं, ब्राइसचं घर झकास आहे. खिडकीत रेडवुडची झाडं, ओट्यावर परडीभर संत्री. ऑफिसने महिन्याची रजा दिलीय. तेवढ्यात डोकं ताळ्यावर आणायचंय. ब्राइस आणि त्याची बायको इमेल्डा नशेच्या अळंबीची चिमूटभर भुकटी घेतात, आणि ती कधी घ्यायची यावरून हाडवैऱ्यांसारखे भांडतात. तो एक दिवस घेऊन दोन दिवस खाडा करतो. ती चार दिवस घेते, तीन खाडे. रोज घेतली की अंगवळणी पडते, लागू होत नाही. कोणाचं वेळापत्रक सरस ते ठरवायला तिसरी मी, एक दिवसाआड. ब्राइसने माझ्या कॅप्सूल स्वतः भरून ठेवल्यात.

मंगळवार, ५ मार्च
आज खाडा. सकाळी स्वयंपाकघरात एक बाई पाठमोरी उभी होती, केस निथळत होते. मला वाटलं इमेल्डाच. पण इमेल्डा बाहेर अंगणात होती. ब्राइस खो खो हसला. म्हणे, "अगं, एवढ्याशा भुकटीने भुतं दिसायला लागली? फारच कच्ची निघालीस!" मेला कुठला! इमेल्डा हसली नाही. बाई माझ्यापासून किती लांब होती, एवढंच तिने विचारलं.

शुक्रवार, ८ मार्च
आज तर कॅप्सूल घेतली होती. तरी भर दुपारी ती दिसली. ब्राइसच्या खुर्चीला घासून माझ्याकडे आली, त्याने मान वर केली नाही. मला वेड लागतंय. याचीच तर भीती होती.

सोमवार, ११ मार्च
अखेर इमेल्डा रडत रडत बोलली. ज्याने भुकटी घेतली नसेल त्याच्याकडेच ती बाई येते. ज्यांनी घेतलीय त्यांना ती ओलांडून जाते. दोन वर्षं दोघं वेळापत्रकं ताडून बघतायत, खाडे कसे कमी होतील म्हणून. गेल्या वर्षी सगळ्यांचा खाडा एकाच दिवशी आला. तेव्हा घरात तिघं होते.
पण शुक्रवारी तर मी घेतली होती, तरी ती माझ्याकडेच आली—

मंगळवार
कॅप्सूल फोडली. तांदळाचं पीठ. दुसरी— पीठ. सगळ्याच.
नीच माणसं. मला खाड्यावर ठेवलं, रोज.
गाडी गेल्याचा आवाज आला. भुकटीची बरणी कुठेच नाही. दार बाहेरून—
जिन्यावर ओली पावलं.
म्हणजे माझं डोकं ठीक आहे. मी वेडी नाही. वेडी असते तर किती बरं झा