आत्याबाईंचे गुडघे

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे देवळालीला! गाडी फाटकात शिरली तेव्हा आत्याबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि आदिनाथला दम भरला, की पुण्यात नेऊन माझ्या सुनेचं पार चिपाड केलंस.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण माझी आई नाही, आणि जामखेडला बनुकाकूंकडे पाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्याची बोंब. आत्याबाईंनी स्वतः फोन करून काकूंना सांगितलं, पोरगी आता माझी, बाळंतपण मीच करणार. काकू फोनवर रडल्या. मला म्हणाल्या, पंके, अशी सासू नशिबानं मिळते.

वरची खोली आम्हाला दिली आहे. खिडकीतून नुसता ऊस दिसतो. आत्याबाई जिना चढल्या की त्यांचे गुडघे कडकड वाजतात, अगदी आतल्या खोलीपर्यंत ऐकू येतं. त्या स्वतःच हसतात. म्हणतात, माझ्या आधी माझी वर्दी येते. मामंजी गेल्यापासून घर आणि शेत त्यांनी एकटीनं ओढलं. मोकळं कपाळ, फिकट साड्या. मला त्यांच्याकडे बघून भरून आलं.

११ नोव्हेंबर
आदिनाथ पुण्याला गेला, आता शनिवार-रविवारी येणार.

आज आत्याबाईंचे डॉक्टर घरी आले होते. माणूस बोलायला गोड. नाळेत आणि वारेत मूळ पेशी असतात, त्या वाढवून झिजलेल्या जागी सोडल्या की तो अवयव नव्यासारखा भरून येतो, असं समजावून सांगत होते. आधी गुडघे, मग हृदय, मग कातडी. मग माणूस किती जगेल, असं मी विचारलं. ते हसून बॅग आवरायला लागले.

मालिशवाल्या रतनबाईनं वार पुरायला न्हाणीमागे आधीच खड्डा घेऊन ठेवला होता. आत्याबाईंनी चाचरत मला विचारलं, तुझी वार मला देशील का गं? लेकीकडं मागावं तसं मागते. मी लगेच हो म्हटलं. लॅबमध्ये नोकरी करताना असलं किती तरी पिशव्यांत भरून कचऱ्याला जाताना पाहिलंय. म्हटलं, माझं काय जातंय? रतनबाई मात्र फणकारली. मग ह्या खड्ड्यात काय, तुमचा डाक्टर पुरू व्हय? आम्ही तिघी पोट धरधरून हसलो.

२१ नोव्हेंबर
मुलगी झाली! हनुवटीवर तीळ, थेट माझ्यासारखा. डॉक्टरांचा माणूस डबा घेऊन बाहेरच थांबला होता. रतनबाईनं खड्डा बुजवला, जरा घुश्शातच.

९ डिसेंबर
आत्याबाईंना परवा सुया दिल्या. आज मी बाळाला पाजत होते, मान वर केली तर त्या पलंगाशी उभ्या. जिन्यावर गुडघे वाजलेच नाहीत. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, त्यांनी तर दोनदा खाली-वर करून दाखवलं.

मग त्यांनी बाळाला घेतलं आणि ते चटकन गप्प झालं. सकाळपासून माझ्याकडे किरकिरत होतं. पोटात काहीतरी टोचलं. टाके असतील.

१८ डिसेंबर
दुसऱ्या वेळी चेहऱ्यालाही दिलं. गाल भरलेत, भांगाजवळ काळे केस येतायत. माझे मात्र गुंतवळच्या गुंतवळ निघतात. रतनबाई म्हणते, बाळंतिणीचे गळत्यातच, पर तुझे लईच.

शनिवारी आदिनाथ आला. दारातच थबकून आईकडे बघत राहिला, म्हणाला, आई, तू तर लग्नातल्या फोटोसारखी दिसायला लागलीस. मला विचारलं, औषधं वेळेवर घेतेस ना?

मी सासूवर जळते आहे का? लिहून टाकलं की कमी होईल म्हणून लिहिते. होय, जळते. तिच्या गुडघ्यांत माझं आहे. तिच्या गालात माझं आहे. दिलं तेव्हा मला वाटलं होतं, एक टाकाऊ गोष्ट देतेय.

२८ डिसेंबर
आज बारसं झालं. सृष्टी नाव ठेवलं.

पाळण्याशी बसले होते, तर बाळानं लुगडं ओलं केलं. बदलायला वर गेले. जाताना आत्याबाईंना म्हटलं, तेवढं बाळाला घेऊन बसा. थंडी म्हणून त्यांनी माझाच कानाचा स्कार्फ बांधून घेतला.

परत आले तर बनुकाकू जामखेडहून नुकत्याच पोचलेल्या. पाळण्यापुढे वाकून ओटी भरत होत्या, खण, नारळ, गहू. हळदकुंकू लावलं. दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, बाळंतपण चांगलं मानवलं गं पंके तुला.

काकूंनी मला लहानाची मोठी केली आहे.

आणि आत्याबाई गप्प. मी विधवा आहे, मी सासू आहे, असं एका शब्दानं बोलल्या नाहीत. पदर पसरून ओटी घेतली. कपाळावर कुंकू आल्यावर डोळे मिटले. मी ओरडले तेव्हा काकूंनी माझ्याकडे बघितलं. ओळखायला वेळ लागला त्यांना. मग सगळ्याजणी हसल्या, काकूसुद्धा, आत्याबाई सगळ्यांत जास्त. अगं, सासू-सून नव्हे, बहिणी दिसता, असं कुणीतरी म्हणालं. मोठी कोण, ते कुणी म्हणालं नाही.

कुंकू त्यांनी अजून पुसलेलं नाही.

४ जानेवारी
आदिनाथला सांगितलं. तो म्हणतो, आईला चार दिवस बरे आले तर तुला बघवत नाही. बघवत नाहीच. माझी हिरवी साडी त्यांच्या अंगावर. माझ्या कपाटात त्यांच्या फिकट साड्या घडी घालून ठेवलेल्या.

आज उन्हात बसल्या होत्या तेव्हा नीट पाहिलं. हनुवटीवर तीळ आहे.

माझा आरशात शोधला. सुरकुतीत गेला असेल.

८ जानेवारी
बाळ माझ्या अंगाला लागत नाही. तोंड फिरवतं. दूध आटलंय असं रतनबाई म्हणाली. आत्याबाईंनी घेतलं तशी त्यांची चोळी भिजली. रतनबाईनंही पाहिलं.  माझ्या शेकाची शेगडी उचलून त्यांच्या खोलीत नेली.

११ जानेवारी
काकूंना फोन केला, मला न्यायला या म्हटलं. त्या म्हणाल्या, आत्याबाई, तुमी कशाला काळजी करता? पंकीशी कालच बोलले की, लई खुशीत हाय पोरगी.

मी केला नव्हता. काल मी फोन केला नव्हता.

१३ जानेवारी
डॉक्टर आले. म्हटलं, मलाही द्या. माझ्याच आहेत, तिच्यातनं काढा आणि परत द्या. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, पेशींना कुठं राहायचं ते कळतं. नवी जागा मिळाली की जुनी—

पुढचं ऐकलं नाही. ती दारात उभी होती, माझं बाळ कडेवर. दोघींचे तीळ शेजारी शेजारी.

१४ जानेवारी
संक्रांत. बायका हळदकुंकवाला आल्या. मला खुर्ची दिली. लांब. वाण तिला. माझ्या कपाळाकडे कुणी हातही नेला नाही —

१५ जानेवारी, दुपार
बाळाला घेऊन वर आले. कडी लावली. माझं आहे. मी जन्म दिलाय. तिनं नाही.

रडून रडून लाल झालीय, पण तोंड लावत नाही. मला खाली बसता येत नाही. गुडघे कडकड वाजतात. आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय —

जिन्यावर आदिनाथ. आला बाई. आपलं माणूस तो ओळखेल. दार उघडून फक्त माझ्या डोळ्यांकडे बघ म्हणेन —

बाहेर कुणाशी तरी हळू बोलतोय. दुसरी पावलं वाजलीच नाहीत.

म्हणतोय, पंकजा, तू रडू नकोस, मी समजावतो तिला —

आता दार वाजवतोय. म्हणतोय, आई, कडी काढ, बाळ भुकेलंय, त्याला त्याच्या आईकडे —