सुभद्रेचा कोरा दंड

४ जानेवारी १९२७, मेहकर तालुका

देवीची लस एकोणीस पोरांना टोचली, सात पळाली! एका बाईने तर आम्हाला येताना पाहून लेकरू ज्वारीच्या कणगीत ठेवलं आणि वर सूप झाकलं. ते आत शिंकलं म्हणून सापडलं. बाई अंगावर धावून आली — "तुले लेकरंबाळं नाहीत काय बे?" म्हटलं, होणार आहे बाई, पुढच्या महिन्यात. ती म्हणाली, "मंग आंधी त्याले टोच!"

सगळे हसले. मीही हसलो. दिवसभर डोक्यात तेच.

८ जानेवारी

पुंजाजीचं — माझ्या मेव्हण्याचं — कार्ड. सुभद्रेचे पाय सुजतात, झोप लागत नाही, बाकी ठीक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सोनाळ्याला. मी जिल्ह्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मधे दोन-अडीच दिवसांची वाट. कार्डाच्या शेवटी तिने लिहायला लावलेलं एक वाक्य — "येळेवर जेवता काय?" नाही जेवत.

इन्स्पेक्टर वामनरावांकडे पंधरा दिवसांची रजा मागितली. "बाळंत तुम्ही होणार का हो निवृत्तीराव? लस टिकते ती थंडीचेच चार महिने. उन्हाळ्यात जा आणि बसा पाळणा हलवत." बोलणं खरं आहे. म्हणून जास्तच राग आला.

११ जानेवारी

माझे वडील मला आठवतात ते पाठमोरे. कुठेतरी निघालेले. मी महिन्यातले बावीस दिवस फिरतीवर! माझं पोरही मला पाठीवरूनच ओळखणार. लोकांची पोरं मात्र मला समोरून ओळखतात आणि भोकाड पसरतात. देवी डॉक्टर आला, पळा!

१३ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथे तरी.

सुभद्रेच्या दंडावर देवी टोचल्याची खूण नाही. लग्न झाल्यावर मी लशीची पेटी उघडली तर ती म्हणाली, "आईले इचारते." सासूबाई, गोजरबाई, म्हणाल्या, "माह्या पोरीच्या अंगाले ते वासराचं पाणी लावू नोका." लस वासराच्या अंगावर तयार करतात, हे मीच एकदा हौसेने त्यांना समजावून सांगितलं होतं. शहाणा! म्हटलं, पुढे पाहू. पुढे दिवस राहिले. पोटुशी बाईला कोण टोचू देतंय? मीही फार जोर केला नाही. घरात भांडण नको.

कचेरीचा हुकूम होता — टोचणाऱ्याने आपलं घर आधी टोचावं. मी रजिस्टरात लिहिलं: सुभद्राबाई, वय अठरा, टोचली, फोड आले. गावोगाव लोकांना खोटं बोलता म्हणून दटावतो तो मी!

तिला सोडायला गेलो तेव्हा निघताना तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "पाहा, कसं लाथा मारून राह्यलं." तेवढ्यात आतून आईची हाक आली. हात अजून तिथेच असल्यासारखा वाटतो.

१७ जानेवारी

कार्ड. सुभद्रेला कणकण आहे. कंबर फार दुखते. आई म्हणते, दिवस भरत आले की होते असं. असेल. बायकांचं बायकांना कळतं.

१९ जानेवारी

कचेरीत कळलं — सोनाळ्यात देवीची साथ. अकरा घरं.

ताप आणि कंबरदुखी! दहा वर्षं हीच लक्षणं लोकांना सांगत फिरतोय. दोन दिवस ते कार्ड खिशात होतं आणि मला, मला, कळलं नाही!

तसाच वामनरावांकडे गेलो. म्हटलं, रजा द्या, बायको तिथे आहे. त्यांनी शांतपणे रजिस्टर काढलं आणि बोट ठेवलं. "यांना टोचलंय. फोडही आलेत, म्हणजे लस लागू झाली. मग घाबरता कशाला? तुम्हीच असे घाबरलात तर लोकांनी लशीवर विश्वास ठेवायचा कसा?"

माझ्याच अक्षरातली ओळ. ती खोटी आहे हे न सांगताच परत आलो. नोकरी गेली तर पोराला काय खायला घालू — असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटली. बस्स.

२० जानेवारी

चाळीस टोचली.

२१ जानेवारी

कार्ड नाही. माता घरात आली की फोडणी देत नाहीत, दाढी करत नाहीत, आजार झाला असं तोंडाने म्हणत नाहीत. मग कागदावर तरी कसं लिहितील? कार्ड नाही.

२२ जानेवारी

सांगितलं. सगळं.

वामनरावांनी माझी ओळ लाल शाईने खोडली. मग म्हणाले, "पेटी ठेवा इथे. रजिस्टर ठेवा. उद्यापासून येऊ नका." मी दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "खामगावची मोटार चारला सुटते. पळा!" भला माणूस. बुधवारीच सांगितलं असतं तर आज मी तिथे असतो. तीन दिवस वाया घालवले. एका ओळीपायी!

मोटारीत बसून लिहितो आहे. अक्षर हलतंय. विठ्ठला, तिला राख. पोराचं मग बघू — नाही, त्यालाही राख. दोघांना राख.

२५ जानेवारी, सोनाळा

शनिवारी मुलगी झाली. रविवारी सुभद्रा गेली. चेहरासुद्धा पाहायला मिळाला नाही.

गोजरबाईंनी पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतःच्या हाताने तिचं दुपटं बाजूला केलं, एवढासा दंड मोकळा केला. "टोचा, जावयबापू. आत्ताच्या आत्ता टोचा."

पेटी मेहकरला आहे.