चौकीवरून रोजची फेरी

देगू, कोरिया, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय मानांग, थोरली बहीण पासिंग हिस धाकट्या मेर्लीचा सा. न. वि. वि.

माझा परत जायचा कागद झाला. इतकी वर्षं परवान्याशिवाय चोरून राहिले, पण आता स्वतःहून नाव नोंदवून मायदेशी निघणाऱ्यांना धरत नाहीत. महिनाअखेर नोंदणी बंद. मार्च लागला की मी निघाले. पण तुझी लेक जोवेलिन हलत नाही. हा सापळा आहे म्हणते, नाव दिलं की बेड्या. चर्चच्या दारातून तिच्या मैत्रिणीला उचललं, तेव्हापासून पोरगी मोज्यांच्या कारखान्यातून खाली उतरलेली नाही. वरच जेवते, वरच झोपते. मी ओरडले, रडले, एक ठेवूनही दिली. दगड!

म्हणून मी शहर बघत फिरते. आजवर मला इथलं फक्त यंत्र आणि मोरी ठाऊक. आता कागद खिशात, आणि येताजाता मुद्दाम कारखान्यासमोरच्या पोलीस चौकीवरून चालते. जोवीने खिडकीतून बघावं, की मावशीला कुणी खात नाही. काल सोमुन बाजार पालथा घातला. तिथे उझबेकी दिलबार कबाब विकते. ती म्हणाली, बाई, तुला धरलं तर तुझा कोट माझा. मी म्हटलं, आधी त्यात मावून दाखव. बांगलादेशी शफिउल मात्र हसला नाही. त्याच्या सोबत्याला कागद असूनही चौकीत रात्रभर बसवून ठेवलं म्हणे. हे जोवीला लिहू नकोस.

घरच्यांवर माझा जीव आहे हे समजून चाल.
मेर्ली


इलोइलो, १६ फेब्रुवारी

चि. मेर्लीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणीही कुत्रा चावतो का बघायला तू त्याच्या तोंडात हात घालायचीस. त्या फेऱ्या बंद कर. तुला धरलेलं तिने पाहिलं तर ती जन्मात खाली उतरणार नाही. आणि तिला टाकूनही येऊ नकोस. मग काय करायचं ते मलाही सुचत नाही, माझ्यावर चिडू नकोस. मुदत संपल्यावर सापडली तर तुरुंग, हे तिला कळतं ना? मी एवढं लिहिते, तर ती उत्तरात आमच्याकडच्या पावसाची चौकशी करते.

माझ्या वाटची माया तूच तिला दे.
तुझी थोरली, पासिंग


देगू, २६ फेब्रुवारी

प्रिय मानांग, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. व्हायचं ते काल झालं.

चौकीतला पोलीस बाहेर येऊन माझ्या वाटेत आडवा उभा राहिला. मी कागद पुढे केला, त्याने पाहिलाही नाही. काहीतरी भराभर विचारलं. माझं कोरियन कारखान्यातलं, म्हणजे शिव्या आणि धाग्यांचे रंग. त्याने मला दंडाला धरून चौकीकडे वळवलं.

तेवढ्यात जोवी! बर्फात, कारखान्यातल्या सपाता घालून, किंचाळत. माझा दुसरा हात ओढत त्याला म्हणते, मावशीला सोड, मला ने.

तो चक्रावला. तिला म्हणाला, ही बाई रोज इथून जाते, वरच्या खिडक्यांकडे बघत राहते. एवढ्या थंडीत कुणाला शोधतेय, ते आत बसवून विचारावं म्हटलं. जोवीने हे मला सांगितलं आणि तीच पांढरीफटक पडली, कारण त्याने आता तिचं ओळखपत्र मागितलं होतं.

मला कुठून शब्द सुचले देव जाणे. मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये म्हटलं, साहेब, हिलाच शोधत होते. नाव नोंदवायला नेतेय. आत्ता, या पावली.

त्याने तिच्या पायांतल्या भिजलेल्या सपाता पाहिल्या. मग म्हणाला, आधी बूट घालू दे तिला.

मी तिला वर पाठवू लागले, तर ही माझा कोट सोडेना. वर गेले तर परत उतरणार नाही म्हणाली. तशीच बसमध्ये कोंबली आणि नोंदणीला नेली.

कागद झाला. आता विमान दोघींचं एकच. तिचे पाय अजून सुजलेले आहेत, खोबरेल कोमट करून ठेव.

आम्हा दोघींवर लोभ असू दे.
मेर्ली