रुसलेली चिमणी

२ जून
शिवाशेठच्या दुकानात आज एका चादरीवर माझ्या चिमण्या बघितल्या. तारेवर ओळीनं बसलेल्या, खाली जांभळी किनार. चादर आमची नाही, सूत हलकं, रंग भडक. पण एक चिमणी बाकीच्यांकडे पाठ करून बसलेली! ती मी ह्यांच्यावरून काढलेली. भांडण झालं की हे भिंतीकडे तोंड करून जेवतात, तशी. माझा नवरा ह्या लोकांना कसा माहीत?
शेठ दात काढून म्हणाला, "वहिनी, चिमण्या काय कुणाच्या घरच्या असत्यात का?"
घरी येऊन भांडी आदळली. दिवाळीसाठी विणलेले आमचे गठ्ठे तसेच पडलेत, एक चादर अजून विकलेली नाही. आणि बाजारात ती आधीच लटकतीय.

३ जून
उलगडा झाला. पुतणीचं लग्न. आमच्या घरची रीत अशी, नवीन डिझाइनचा पहिला नग विकायचा नाही. आधी चार लोकांना दाखवायचा, त्यांनी बरं म्हटलं की मग बाजार. अत्तम्मांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सासूपासूनचं चालत आलेलं. आम्ही काय केलं, तर पहिली चादर लग्नात स्टेजच्या मागं लावली. आमच्या अख्ख्या पूर्व भागानं, सगळ्या विणकर वस्तीनं, तिच्यासमोर फोटो काढले. शेठ पहिल्या पंगतीला. जिलेबी खाल्ली आणि चिमण्या घेऊन गेला.
ह्यांचं भिंतीकडे तोंड.

७ जून
नसीम वकील. मागच्या गल्लीतली, माझ्या हातची येसर आमटी खाऊन वाढलेली, म्हणून फुकट सल्ला. तिनं सगळं ऐकलं, लग्नाचा व्हिडिओ बघितला, पाठमोरी चिमणी बघून पोट धरून हसली. मग गंभीर.
म्हणाली, "मावशी, डिझाइनची नोंदणी असते. केली की वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला विणता येत नाही. पण ते नवीन पाहिजे. नोंदणीच्या आधी लोकांनी बघितलं की नवीन राहत नाही."
चित्राचा हक्क म्हणून भांडता येईल का, विचारलं. तर पन्नासच्या वर नग विणले की तोही सुटतो म्हणे. आमचे तर गठ्ठे.
म्हणजे अत्तम्मा म्हणतात आधी दाखवा, कायदा म्हणतो आधी लपवा. मधे मी.
वाईट वाटलं. सासरी आल्यापासून कितीतरी डिझाइनं काढली, सगळी कुणाच्या ना कुणाच्या नावानं खपली. कधी काही वाटलं नाही. ह्या चिमण्यांचं मात्र लागलं मनाला.

८ जून
रडणं पुरे. चिमण्या दिवाळीला विकायच्याच, आमचं सूत चांगलं आहे. आणि आता नवीन काढायचं.

२१ जून
मिळालं. तीच तार, पण रिकामी. खाली एक गुबगुबीत मांजर, मिशा पुसत बसलेलं. ह्यांनी बघितलं आणि हातातला चहा सांडला. "अगं, हा तर शेठ!"
मी म्हटलं, मांजर काय कुणाच्या घरचं असतं का.

१९ जुलै
पहिलं मांजर मागावरून उतरलं. दार लावून. लई देखणं झालंय, शेपटीचा वळसा तर असा की बघतच राहावं.
अत्तम्मा हटून बसल्या. "चार मान्सं बोलवा. न्हाईतर ह्यो माल खपत न्हाय." नसीमचा निरोप: अर्ज जाईपर्यंत फोटोसुद्धा नको. फोटो स्टेटसला ठेवायला निघालेल्या जावेच्या हातून मोबाईल काढून घेतला. आता ती फुगलीय. फुगू दे.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
अर्जाचे कागद अजून अर्धवट, आणि आज मार्कंडेयाचा रथ गल्लीतून जाणार. अत्तम्मा सकाळपासून, देवाला तरी दाखवा. हे म्हणाले, देवाच्या मागं गर्दी आहे आई, आणि गर्दीत शेठ आहे.
अत्तम्मांनी थोडा विचार केला. मग चादर घडी करून पांढऱ्या धोतरात बांधली, गाठोडं पोटाशी धरून दारात उभ्या राहिल्या. रथ आला, गाठोडं कपाळाला लावलं.
"द्येवाला घडीतूनबी दिसतंय," म्हणाल्या.
शेठ समोरून विचारतो, "आजी, काय आणलंय?" अत्तम्मा: "जुनं लुगडं."
ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं तोंड इतकं निरागस मी कधी बघितलं नव्हतं.

१४ ऑगस्ट
अर्ज गेला. सगळीकडून काढलेले फोटो, सह्या. कोलकात्याला तपासतात म्हणे. नसीमनं विचारलं, अर्जदार कोण, कारखान्याचं नाव घालू? मी हो म्हणणारच होते. हेच मधे बोलले, "नाव हिचं घाला. मांजर हिचं आहे. चिमणीपण हिचीच होती."
डोळ्यात पाणी आलं. कांद्याचं निमित्त सांगितलं. वकिलाच्या ऑफिसात कांदा कुठला.

१७ ऑगस्ट
अर्जाचा नंबर आलाय, आता दाखवायला हरकत नाही. अत्तम्मांनी चार माणसं बोलावली. नेमकी चार, ह्या वेळी. चादर उलगडली, सगळी हसून लोळली. "खपतंय," अत्तम्मा म्हणाल्या.

२ सप्टेंबर
नोंदणीचं सही-शिक्क्याचं पत्र अजून नाही. नसीम म्हणते, हरकतीही निघू शकतात, धीर धरा.

११ सप्टेंबर
दुपारी शेठ घरी. चप्पल बाहेर काढून, पेढे घेऊन. मांजराची चादर बघून आधी स्वतःला ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि हसला बिचारा. खरंच हसला.
म्हणाला, "वहिनी, अर्ज टाकलाय ऐकलं. चिंचोळीच्या कारखान्यात मोठे माग हायत. तुमची परवानगी असंल तर मी हे मांजर तिथं विणून घेतो, चादरीवर नाव तुमचंच. चालंल का?"
मी चहा टाकायला आत गेले आणि गॅसजवळ नुसतीच उभी राहिले. आजवर माझी डिझाइनं सगळ्यांनी घेतली. विचारलं आज पहिल्यांदा.
हे आत आले. "काय सांगू त्याला?"
काही सांगू नका म्हटलं. पत्र येऊ दे, तोवर विचार करते. साखर मात्र जरा जास्त घातली त्याच्या चहात.