वायर काढून ठेवली

३ नोव्हेंबर

सकाळी रेडिओवर सांगितलं — इंटरनेट बघायच्या ब्राउझरमध्ये फट सापडली आहे. माझ्याकडे तोच. एखादं पान नुसतं उघडलं तरी चोर आत शिरतो म्हणे. दुरुस्ती येईपर्यंत वापरू नका.

इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली. आकाश गडगडलं की वडील असंच करायचे. रेडिओ, दिवा, सगळं काढून अंधारात बसायचं. मी आणि माझा भाऊ ओइवा बाकाखाली.

आता दुरुस्तीची वाट बघायची.

४ नोव्हेंबर

बाहेर वजा चार. कळवायला कुणी नाही.

एरवी रोज सकाळी ओइवा स्वीडनहून तिथली थंडी लिहितो, मी इथली. तरुणपणी तिकडे कारखान्यात गेला — 'जरा उबेत राहतो' म्हणून. ती ऊब अजून रोज सिद्ध करून दाखवतो! घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज गेला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं फक्त या पडद्यावर.

५ नोव्हेंबर

रविवारचं डोक्यातून जात नाही. त्याने लिहिलं, 'तळ्याकाठची सॉना विकून टाक. तुझ्याच्याने आता लाकडं फुटत नाहीत.' मी लिहिलं, 'सोडून गेलेल्याने बोलू नये.'

त्यावर त्याचं काही नाही. आणि नंतर मी वायर काढली. त्याला वाटेल, रुसून बसलोय.

फोन करावा? उचलणार गुन्वोर, त्याची बायको. तिचं फिनिश तुटकं, माझं स्वीडिश त्याहून. दुरुस्ती येईलच आज-उद्या.

७ नोव्हेंबर

शनिवार. सॉना तापवली. एकट्याने वाफ घ्यायची तरी लाकडं तितकीच लागतात.

१० नोव्हेंबर

तांपेरेहून आउतीचा फोन. 'बाबा, संगणकावर दिसत नाही तुम्ही?'

म्हटलं, वायर काढून ठेवली आहे. दुरुस्ती आली की लावीन.

ती हसत सुटली, खोकला लागेपर्यंत. 'अहो बाबा, दुरुस्ती त्याच वायरीतून येते! पोस्टमन आणून देणार होता का?'

'चोर त्यातूनच, आणि दुरुस्तीही त्यातूनच?'

'हो, बाबा. लावा आता.'

लावली. संगणक घरघरला, आपोआप बंद झाला, पुन्हा उजळला. झालं. कॉफीसुद्धा निवली नव्हती.

मग ओइवाचं पान उघडलं. मंगळवार — 'शून्याच्या वर तीन.' बुधवार — 'वर दोन. तिकडे?' गुरुवार — 'शून्य. कुठे आहेस, म्हाताऱ्या?'

पुढे काही नाही.

लिहिलं, 'वजा नऊ. रागावलो नाही. सॉना विकायची का ते उन्हाळ्यात येऊन सांग. लाकडं तू फोड.'

११ नोव्हेंबर

उत्तर नाही. पान उघडंच ठेवलं आहे.

१२ नोव्हेंबर

ओइवा गेला.

गुन्वोरचा फोन. शुक्रवारी श्वास अडकला, दवाखान्यात नेलं. मंगळवारी पहाटे गेला. ती तिथून हललीच नव्हती, फोन कुठून करणार.

मंगळवारी पहाटे. म्हणजे मी वायर लावली तेव्हा तो नव्हताच. रागावलो नाही, हे मी कुणाला लिहिलं?

त्याच्याजवळ माझं शेवटचं एकच वाक्य. सोडून गेलेल्याने बोलू नये. आणि तो तर बोलूही शकत नव्हता.

१३ नोव्हेंबर

आउती येते म्हणाली. नको म्हटलं. वजा अकरा.

१४ नोव्हेंबर

धीर करून गुन्वोरला विचारलं — तो मला रागावलेला समजला का?

'राग? नाही, नाही.' शब्द शोधत राहिली. मग सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी तिकडच्या रेडिओवरही ती ब्राउझरची बातमी लागली. ओइवाने तिच्यासमोर पाटीवर लिहिलं, 'हा वायर काढून बसला असणार. वडिलांसारखा.' आणि हसला. आवाज नाही — नुसते खांदे हलत होते.

मग तिला खूण केली, आपलीही काढ.