चिंचेऐवजी कैरी

अहेरी,
ता. १९ एप्रिल १९५६

ती. गुणवंतभाऊंस,

धाकट्या इंदूचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. वहिनीचा खोकला उतरला आहे. गाय व्याली, कालवड झाली. चांद्याच्या उन्हात फिरताना डोक्याला फडकं बांधत जा.

तुमच्या सर्वधर्म मंडळाचा अहवाल पोचला. जपून ठेव असं लिहिलं होतंत. मी दोनदा वाचला आणि चुलीत घातला.

"समतेच्या पंगतीत मानाने बसवलेल्या गोंड बांधवांनी भरल्या पानावरून उठून मंडळाचा अपमान केला." हे तुमचे शब्द. म्हणून सोमवारच्या बैठकीत त्यांची बारा मुलं मंडळाच्या वसतिगृहातून घरी पाठवायची. त्या बारांत नीलाबाईची सोमारी आहे. दोन महिन्यांत बाराखडी गिरवायला लागलेली पोर. आईने वरण खाल्लं नाही म्हणून हिची पाटी काढून घ्यायची. चांगली आहे तुमची समता.

रागावू नका असं मी लिहिणार नाही. खुशाल रागवा.

पंगत उठली तेव्हा लाकडाच्या डेपोतले खाँसाहेब आणि मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई त्या लोकांमागे धावत गेले. काय चुकलं, असं विचारलं तरी त्यांनी. वरणात कैरी आहे आणि आंब्याचा सण अजून व्हायचा आहे, हे त्यांनीच येऊन सांगितलं. तुम्ही जागचे हलला नाहीत. "आम्ही जात विसरून यांच्याशेजारी बसलो आणि हे एवढ्याशा कैरीवरून उठतात," असं भाषण मात्र केलंत. अहवालात आणखी एक ओळ घातलीत, की या चालीची आगाऊ कल्पना मंडळाला कोणी दिली नव्हती.

त्या ओळीपाशी मी चार दिवस अडकले आहे. गाय, खोकला, ऊन, सगळं लिहून झालं.

कल्पना दिली होती. मला दिली होती. पंगतीच्या दोन दिवस आधी नीलाबाई आपल्या अंगणात आली. म्हणाली, "बाई, देवाले देल्याबिगर आमी कैरीले तोंड नाई लावत. वरणात चिंच घालजा." मी हो म्हटलं. चिंच भिजतही घातली.

मग पंगतीच्या दिवशी सकाळी तुम्ही ओसरीवर बसून पानांची यादी वाचलीत. तेली, महार, मुसलमान, ख्रिस्ती, गोंड. तुमच्या उजव्या हाताला नीलाबाई. मी विचारलं, माझं पान कुठे? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शुभकार्य आहे इंदू, तू चुलीकडे बघ." नीलाबाईचाही नवरा गेलेलाच आहे, भाऊ. तिला पान आणि मला चूल. अकरा वर्षं मी तुमच्या घरात हेच ऐकते आहे.

लोणच्यासाठी आणलेल्या कैऱ्यांची टोपली शेजारीच होती. चिंचेचं पाणी मी ओतून दिलं. कैऱ्या चिरताना हात थांबला नाही, हेही लिहून ठेवते. राग तुमच्यावर होता, काढला त्या माणसांवर. तुम्हाला दुखवायची माझी छाती नव्हती.

काल दोन कोस चालत नीलाबाईकडे गेले. ती मोहफुलं वाळत घालत होती. मला बस म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं. वाढतानी तुमी माह्याकडं पाहून नाई राह्यल्या."

"मग बोलली काऊन नाईस?" मी विचारलं.

"कोणाले बोलू? तुमी तं पंगतीत नोहत्या." एवढं बोलून ती परत फुलं पसरायला लागली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी तासभर उन्हात उभी राहून परत आले.

हे पत्र सोमवारी सर्वांसमोर वाचा. माझ्या नावासकट. घराची अब्रू वगैरे मला सांगू नका. पत्राची नक्कल मी नर्सबाईंकडे दिली आहे आणि त्या बैठकीला येणार आहेत. तुम्ही वाचलं नाहीत तर त्या वाचतील. सोमारी वसतिगृहात राहिली पाहिजे.

यापुढे तुमच्या पंगतीसाठी दुसरी रांधणारी शोधा. माझ्या हातचं आता कोणी खाणार नाही, आणि खाऊही नये.

तुमच्या यादीत नसलेली,
तुमची सख्खी बहीण
इंदू